कोयता गेला, स्कूटर राहिली

परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून फोन चाळत पडलो होतो, तर एक व्हिडिओ समोर आला. बाहेर गुडघाभर बर्फ, आत गॅरेजमध्ये एक गोरा म्हातारा आणि त्याची जुनी वेस्पा स्कूटर. हिवाळ्यात गाडी बंद ठेवायची तर आधी काय काय करायचं, ते तो दाखवत होता. पेट्रोलचा कॉक बंद केला, कार्बोरेटर रिकामा होऊन इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं, प्लग काढून आत थोडं ऑइल सोडलं, सायलेन्सरच्या तोंडात फडका कोंबला. मी उठूनच बसलो. कारण हे सगळं, अगदी ह्याच क्रमानं, मी लहानपणी दर वर्षी बघितलंय. कळंब तालुक्यात. जिथं बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर दिसतो.

तर आजचा भाग बंद स्कूटरच्या इतिहासाचा. चालत्या स्कूटरचा इतिहास बऱ्याच जणांनी सांगितलाय, तो मी पटकन उरकतो.

दुसरं महायुद्ध संपलं, तेव्हा इटलीतल्या पिआजिओ कंपनीचा विमानांचा धंदा बसला होता. त्यांच्याकडं कोरादिनो दास्कानियो नावाचे इंजिनिअर होते. मूळचे विमान-हेलिकॉप्टरवाले, आणि मोटरसायकल त्यांना मुळीच आवडायची नाही. म्हणून त्यांनी इंजिन झाकलं, पाय ठेवायला सपाट जागा केली, आणि चाक विमानासारखं एकाच बाजूनं धरलं. १९४६ साली आलेली ही वेस्पा. वेस्पा म्हणजे इटालियनमध्ये गांधीलमाशी. (आमच्या गाडीच्या डिकीत एका वर्षी खरोखरच गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं. नावाला जागल्या म्हणायच्या.)

१९६० च्या दशकात बजाज ऑटो पिआजिओच्या परवान्यावर आपल्याकडं वेस्पा बनवायची. १९७१ ला तो करार संपला आणि १९७२ ला राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. पुढं साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात 'प्रिया' बनायला लागली. सरकारी परवान्यात जेवढा आकडा तेवढ्याच गाड्या बनवायच्या, असा तो काळ होता. त्यामुळं नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. ज्याचा नंबर लागायचा त्यातला एखादा गाडी शोरूमबाहेर आणून जास्त पैशाला विकून मोकळा व्हायचा.

१९७२ म्हटलं की शहरातल्या घरात चेतक आठवत असेल. आमच्या घरात दुष्काळ आठवतो. त्या वर्षी सगळा मराठवाडा खडी फोडायला बसला होता, आणि परदेशातून आलेली मिलो ज्वारी खाऊन दिवस काढत होता. आज्जी त्या लाल भाकरीची चव सांगताना अजून तोंड वाकडं करते. रोजगार हमीची सुरुवात त्याच काळातली. पश्चिम महाराष्ट्रात मात्र चित्र वेगळं होतं. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचं गाळप १९५० च्या सुमारास सुरू झालं, त्यानंतर एकामागून एक कारखाने उभे राहिले, आणि ऊस तोडायला माणसं लागायला लागली. ती माणसं गेली बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून. बीडमधून सगळ्यात जास्त, आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब, वाशी, भूम या भागांतूनही.

जे शहरात वाढले त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजुरी माणसाची नाही, कोयत्याची. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो, म्हणजे आगाऊ पैसे. दसरा-दिवाळीच्या आसपास कारखान्याचा बॉयलर पेटतो आणि टोळ्या निघतात. फडाजवळ कोपी बांधून राहायचं, मोळ्या वाहायच्या, आणि उचल फिटेपर्यंत तोडत राहायचं. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत गावाला.

सहा महिने. त्या गोऱ्या म्हाताऱ्याच्या हिवाळ्यापेक्षा थोडे जास्तच.

आमच्या अण्णांनी २००० साली एका मास्तरांकडून जुनी चेतक घेतली. तेव्हा सगळेजण मोटरसायकलकडं वळले होते, म्हणून स्कूटर स्वस्तात मिळायच्या. अण्णा ती उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात चालवायचे. दसरा झाला की बंद करायचे. ते काम एका मिस्त्रीकडून शिकले होते, आणि तो मिस्त्री कुणाकडून शिकला देव जाणे.

त्यातलं एकेक कारण मला फार नंतर कळलं. चेतकचं इंजिन टू-स्ट्रोक. त्याला वेगळं ऑइल नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरमागे वीस मिलीच्या हिशेबानं. गाडी उभी राहिली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि ऑइलचा चिकट गाळ तेवढा मागं राहतो. कार्बोरेटरच्या जेटचं भोक सुईएवढं, ते बुजलं की संपलं. म्हणून कॉक बंद करून गाडी चालू ठेवायची, आतलं सगळं जाळून टाकायचं. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून हळूच चार किका मारायच्या, म्हणजे पिस्टन-रिंगा गंजत नाहीत. टायर एकाच जागी दबून चपटे होऊ नयेत म्हणून अण्णा पायदानाखाली विटा लावून दोन्ही चाकं अधांतरी करायचे. सायलेन्सरच्या फडक्याचं कारण उंदीर. वर खताच्या पोत्यांचं शिवलेलं झाकण.

आणि एक गोष्ट त्या व्हिडिओत नव्हती. अण्णा चांगला प्लग काढून ऑइलच्या डबीत ठेवायचे, आणि भोकात एक जुना, मेलेला प्लग बसवायचे. कुणी गाडी नेऊ नये म्हणून. चांगला प्लग देवघराच्या फळीवर.

मी आणि धाकटी बहीण आज्जीजवळ राहायचो. आमच्यासारखी पोरं गावात खूप होती, वर्गात दिवाळीनंतर निम्मी बाकं रिकामी दिसायची, आणि उरलेल्यांतले निम्मे आज्जीवाले.

मी बारा वर्षांचा असेन. जानेवारीतली रात्र. आज्जीला दम लागला. आधीही लागायचा, पण त्या रात्री तिला बोलताच येईना. मी सोप्यातल्या गाडीवरचं झाकण ओढून काढलं. विटा लाथेनं सारल्या. कॉक उघडला, अण्णा करायचे तशी गाडी तिरकी केली, आणि किक मारायला लागलो. गाडी चालवता येत नव्हती मला. सुरू झाली असती तर पुढं काय केलं असतं, हे आजही माहीत नाही. पण मी मारत राहिलो. पिंडरीची सालटी निघाली. ती गाडी साधी खोकलीसुद्धा नाही.

शेवटी बहीण ओरडत पळाली आणि शेजारच्या काकांचा ट्रॅक्टर आला. आज्जी वाचली. इतकी वाचली, की हे ऐकून म्हणेल, "माझं दुखणं कायला सांगत बसलाव लोकांला."

मार्चमध्ये अण्णा आले. बघतात तर कॉक उघडाच, टाकी ठणठणीत, कार्बोरेटरमध्ये गुळाच्या ढेपेसारखा गाळ. "कुणी हात लावला?" मी सांगितलं. सगळं. त्यांनी देवघराच्या फळीकडं बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. दिवसभर कार्बोरेटर खोलून रॉकेलमध्ये धूत बसले. पुढच्या दसऱ्याला त्यांनी चुलतभावाला गाडी शिकवली, चांगला प्लग जागेवरच ठेवला, आणि विटा काही लावल्या नाहीत. "टायर चपटं झालं तर हू दे," म्हणाले.

मला वाटतं, गाडी बंद कशी ठेवावी ह्याचे सगळे सल्ले असं धरून चालतात की मागं कुणीच उरलेलं नाही. किंवा उरलेल्यांकडं दुसरी गाडी आहे. बर्फाच्या देशात ते बरोबर असेल. आमच्याकडं गाडी थांबते तेव्हा थंडी नसते, चालवणारा नसतो. म्हातारी आणि पोरं तर घरातच असतात.

आता थोडं आजचं, कारण तुमच्यातले बरेच जण पुण्याला कामाला आहेत आणि गावाकडची गाडी अंगणात उभी आहे, हे मला माहीत आहे. जुना नियम होता टाकी काठोकाठ भरून ठेवायची, म्हणजे आत हवा राहत नाही आणि पत्रा गंजत नाही. पण २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीचं झाकण ढिलं असेल, गाडी महिनोन्महिने उभी असेल, तर ते पाणी खाली बसायची भीती. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीची टाकी रिकामी करून ठेवलेली बरी. चेतक आता इलेक्ट्रिक झालीये, तिची गोष्ट आणखी वेगळी. तिची बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून सोडू नका, निम्म्याच्या आसपास ठेवा.

आणि ते इथेनॉल येतं कुठून? काही मक्यातून, काही तांदळातून, आणि बरंचसं उसातून. म्हणजे कुणाच्या तरी कोयत्याखालून.

आमची चेतक २०१६ ला गेली. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते वर्ष. ऊसच नव्हता, पट्टा लवकर पडला, उचल फिटली नाही. बार्शीचा एक जुन्या गाड्या घेणारा आला. त्यानं गाडी वाकून बघितली, इंजिनवर हात फिरवला, म्हणाला, "सोळा वर्षं वापरली म्हणता, पण इंजिन तर लई कमी चाललंय."

अण्णा म्हणाले, "आठच वापरली. आठ वर्षं उभी हुती."

त्यानं त्यावरून भाव थोडा वाढवून दिला.