दिनविशेष : १ मार्च
गीशा विल्यम्स ‘पीजी अँड ई’च्या प्रमुखपदी (२०१७)

कॅलिफोर्नियातील सुमारे १ कोटी ६० लाख लोकांना वीज आणि गॅस पुरवणाऱ्या ‘पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक’ची सूत्रे २०१७ साली आजच्या दिवशी गीशा विल्यम्स यांनी हाती घेतली. ‘फॉर्च्युन ५००’ यादीतील कंपनीच्या मुख्याधिकारी होणाऱ्या त्या पहिल्या लॅटिना महिला.

जन्म क्युबातला. लहानपणीच आईवडिलांसोबत त्या अमेरिकेत आल्या. मायामी विद्यापीठातून इंजिनिअर झाल्यावर फ्लोरिडाच्या वीज कंपनीत ग्राहकांच्या घरी जाऊन वीजवापर तपासण्यापासून त्यांनी सुरुवात केली. चक्रीवादळांच्या त्या राज्यात वितरण विभागाच्या उपाध्यक्षपदापर्यंत पोहोचून २००७ मध्ये त्या कॅलिफोर्नियात आल्या. पुरुषांच्या मानल्या गेलेल्या क्षेत्रात ही चढण साधी नव्हती.

मात्र ८ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे कंपनीच्या अतिउच्चदाब वाहिनीच्या मनोऱ्यावरचा, जवळपास शंभर वर्षे झिजत आलेला लोखंडी आकडा तुटला. तार निसटली, ठिणग्या वाळक्या गवतावर पडल्या आणि पॅराडाइज हे जवळपास अख्खे गाव जळाले. ८५ जणांचा बळी गेला. तो लोखंडी आकडा विल्यम्स यांच्या जन्माआधीचा. पण प्रमुख होण्यापूर्वीही अनेक वर्षे वीज विभाग त्यांच्याकडेच होता, त्यामुळे जबाबदारी टळत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी पद सोडले. त्याच महिन्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. जून २०२० मध्ये या आगीतील ८५ पैकी ८४ जणांच्या निष्काळजीपणातून झालेल्या मनुष्यवधाचा गुन्हा कंपनीने न्यायालयात कबूल केला.