इतिहासाचा तक्ता: पिंगळीच्या कालरेषेवर 15 ऑगस्टनंतर तेरा महिने मोकळे का सोडावे लागतात?

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पिंगळी हे गाव आहे. तिथल्या एखाद्या वर्गात फळ्यावर आडवी रेघ ओढली, डावीकडे 1857 आणि उजवीकडे 15 ऑगस्ट 1947 लिहिलं, की स्वातंत्र्यलढ्याची कालरेषा तयार झाली असं वाटतं. पण त्या दिवशी पिंगळीत स्वातंत्र्य आलंच नव्हतं. परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थान भारतात सामील झालं ते 17 सप्टेंबर 1948 रोजी. मधले तेरा महिने त्या एका रेघेवर कुठे बसवायचे?

इतिहास शिकवताना तक्ते का वापरतात आणि ते कधी फसतात, हे समजून घ्यायला हा प्रश्न पुरेसा आहे.

ग्राफिक ऑर्गनायझर म्हणजे नेमकं काय?

नाव नवीन वाटलं तरी वस्तू ओळखीची आहे. माहिती नुसत्या परिच्छेदात न ठेवता चौकटी, रेघा, बाण, रकाने यांत मांडली की तिला ग्राफिक ऑर्गनायझर म्हणतात. बालभारतीच्या पुस्तकांत हेच कालरेषा, ओघतक्ता, संकल्पनाचित्र, ‘तक्ता पूर्ण करा’ अशा नावांनी येतं. दहावीच्या इतिहासाच्या कृतिपत्रिकेत संकल्पनाचित्र पूर्ण करायला गुण असतात, त्यामुळे महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांनी हा प्रकार हाताळलेला असतो.

काम वेगळं तशी आकृती वेगळी. काय आधी, काय नंतर हे दाखवायला कालरेषा. एकातून दुसरं कसं घडलं हे दाखवायला ओघतक्ता. दोन राजवटी शेजारी ठेवायच्या तर रकान्यांचा तक्ता किंवा एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळं. आकृती चुकीची निवडली तर इतिहासही चुकतो, आणि ही चूक सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तक्ता दिसायला नीटनेटका असतो.

आपल्याकडे हे आधीपासून होतं

मराठी दप्तरांत वंशावळी आहेत, करीने आहेत आणि शकावल्या आहेत. शकावली म्हणजे वर्षवार, तिथीवार नोंदींची यादी, अर्थात उभी कालरेषाच. त्यातली सर्वांत गाजलेली जेधे शकावली. ती लोकमान्य टिळकांनी उजेडात आणली. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630 असल्याची नोंद तिच्यात आहे. त्याआधी 1627 हे साल रूढ होतं. एका कोरड्या यादीमुळे राज्यभराचा जयंतीचा दिवस ठरला.

युरोपात याच कामाला चित्राचं रूप दिलं ते जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शिक्षकाने. ऑक्सिजनच्या शोधाशी ज्याचं नाव जोडलं जातं, तोच हा प्रीस्टली. 1765 मध्ये त्याने एका मोठ्या कागदावर सुमारे 2000 नामवंतांची आयुष्यं आडव्या रेघांनी दाखवली. लांब आयुष्याला लांब रेघ, अल्पायुषी माणसाला आखूड. जन्म किंवा मृत्यूचं साल पक्कं नसेल तिथे त्याने रेघेऐवजी ठिपके दिले.

ही ठिपक्यांची युक्ती परभणी जिल्ह्यात फार उपयोगी पडते. गंगाखेडच्या संत जनाबाईंचं उदाहरण घ्या. नामदेवांचा काळ 1270 ते 1350 असा मानला जातो आणि जनाबाई त्यांच्या घरी राहिल्या. पण त्यांच्या जन्माचं साल पक्कं सांगता येत नाही. तक्त्यावर नामदेवांची रेघ ठळक काढायची आणि जनाबाईंची तिच्या शेजारी ठिपक्यांनी. ‘ठिपके का?’ असं मुलांनी विचारलं, की इतिहासकाराला काय ठाऊक असतं आणि काय नसतं, याचा धडा तिथेच सुरू होतो.

एक रेघ पुरत नाही तेव्हा

आता पुन्हा त्या तेरा महिन्यांकडे येऊ.

मराठवाड्याचा इतिहास पुणे-मुंबईच्या रेघेवर बसत नाही. 1724 मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून निजाम-उल-मुल्कने दख्खनमध्ये आपली सत्ता पक्की केली. मराठ्यांनी निजामाला 1760 मध्ये उदगीरला आणि 1795 मध्ये खर्ड्याला हरवलं, तरी 1818 मध्ये पेशवाई संपली तेव्हा हा भाग इंग्रजांच्या थेट अंमलाखाली गेला नाही. तो निजामाकडेच राहिला. शेजारच्या इंग्रजी मुलखातले लोक याला ‘मोगलाई’ म्हणत. राज्यकर्ता वेगळा, कायदा वेगळा, सरकारी भाषा उर्दू, चलन वेगळं, आणि पुढे लढाही वेगळा.

म्हणून इथल्या वर्गाला दोन रेघांची कालरेषा लागते. वरची ब्रिटिश भारताची, खालची हैदराबाद संस्थानाची. 1937 ला वरच्या रेघेवर प्रांतिक निवडणुकांनंतरची काँग्रेसची मंत्रिमंडळं येतात. खालच्या रेघेवर त्याच साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन येतं, परतूरला. परतूर आज जालना जिल्ह्यात असलं तरी तेव्हा ते परभणी जिल्ह्यातच होतं. 1938 ला खाली हैदराबाद स्टेट काँग्रेसवरची बंदी, सत्याग्रह आणि विद्यार्थ्यांचं वंदे मातरम् आंदोलन. वर मंत्रिमंडळं कारभार करत असताना खाली संघटना काढायलाही मनाई होती, हे दोन रेघा एकाखाली एक आल्या की न सांगता दिसतं.

प्रमाणाची गंमतही इथेच कळते. देवगिरीच्या यादवांपासून, म्हणजे भिल्लमाच्या 1187 पासून आजपर्यंतचा काळ एका वर्षाला एक सेंटिमीटर या मापाने सुतळीवर मांडला, तर सुतळी सुमारे साडेआठ मीटर लागते. शाळेच्या व्हरांड्यात ती सहज बसते. तिच्यावर ते तेरा महिने जेमतेम बोटाच्या पेराच्या निम्मे भरतात. तेवढ्या जागेत काहीच लिहिता येत नाही, म्हणून बऱ्याच तक्त्यांतून ते गळतात. उपाय सोपा आहे. नकाशात जसा एखादा भाग मोठा करून बाजूला दाखवतात, तसा हा तुकडा दुसऱ्या सुतळीवर घ्यायचा, एका महिन्याला दहा सेंटिमीटर. मग तो असा दिसतो:

7 ऑगस्ट 1947: स्टेट काँग्रेसचा ‘भारतात सामील व्हा’ दिन
15 ऑगस्ट 1947: भारत स्वतंत्र, हैदराबाद बाहेर
29 नोव्हेंबर 1947: भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार
30 जानेवारी 1948: वरच्या रेघेवर दिल्लीत गांधीजींची हत्या, खालच्या रेघेवर नांदेड भागात उमरीच्या बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांची धाड
13 सप्टेंबर 1948: भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, म्हणजेच ‘पोलीस अॅक्शन’
17 सप्टेंबर 1948: निजामाची शरणागती

या सव्वा मीटरभर सुतळीत रझाकारांचे अत्याचार, सरहद्दीवरची शिबिरं, गाव सोडून गेलेली कुटुंबं आणि स्वामी रामानंद तीर्थ यांचा तुरुंगवास, सगळं मावतं. तारखांच्या मध्ये जागा मोकळी ठेवली तर मुलं घरी विचारून ती भरू शकतात. आजी-आजोबांच्या तोंडून आलेल्या गोष्टीला तारीख नसते, पण ‘पेरणीच्या आधी’ किंवा ‘पोळ्याच्या सुमारास’ असा धागा असतो आणि तेवढ्यावर ती रेघेवर अंदाजे बसते. अर्थात ठिपक्यांनी.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. सुतळी 17 सप्टेंबरला कापायची नाही. त्यानंतरच्या काही आठवड्यांत संस्थानाच्या अनेक भागांत मुस्लिमांवर हिंसाचार झाला. त्याची पाहणी करायला केंद्राने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती आणि तिचा अहवाल अनेक दशकं लोकांसमोर आला नाही. विजयाच्या दिवशी संपणारी रेघ काढायला सोपी आणि बघायला छान असते. पण खालच्या रेघेवर पुढे 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला आणि 1 मे 1999 ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. दोन रेघा एक कधी झाल्या, हे वर्गाने वाद घालून ठरवावं. 1948, 1950 की 1956? तिन्ही उत्तरांच्या बाजूने बोलता येतं.

बाण काढताना हात आखडता घ्यावा

कालरेषेपेक्षा ओघतक्ता धोकादायक. चौकट, बाण, चौकट: यामुळे ते झालं. इतिहासात इतकं सरळ क्वचितच घडतं.

1972 चा दुष्काळ बघा. मराठवाड्यात आजही म्हातारी माणसं मिलो ज्वारी, सुकडी आणि खडी फोडायच्या कामांची आठवण काढतात. मुलांना ओघतक्ता करायला सांगितला तर बहुतेक जण असा करतील: पाऊस नाही, दुष्काळ, दुष्काळी कामं, रोजगार हमी योजना. दिसायला बरोबर. पण रोजगार हमीची कल्पना दुष्काळाआधीची आहे. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात ती आधीच करून पाहिली होती. दुष्काळाने तिला राज्यभर पसरवलं आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. म्हणजे ‘दुष्काळ’ ते ‘रोजगार हमी’ हा बाण खोटा नाही, पण त्या चौकटीत दुसऱ्या बाजूनेही एक बाण यायला हवा.

यासाठी चांगले शिक्षक एक साधी अट घालतात: प्रत्येक बाणावर क्रियापद लिहायचं. ‘घडवलं’, ‘लांबवलं’, ‘निमित्त झालं’, ‘सोपं केलं’. क्रियापद सुचत नसेल तर बाण पुसायचा. संकल्पनाचित्राची पद्धत अमेरिकेतल्या जोसेफ नोव्हाक यांनी 1970 च्या दशकात मांडली, तिच्यातही जोडरेषेवर शब्द लिहिणं हाच गाभा होता. आपल्याकडच्या कित्येक संकल्पनाचित्रांत मध्ये गोल, भोवती चार चौकटी आणि बाण कोरे असतात. त्याला रिकाम्या जागा भरा म्हटलं तरी चालेल.

तक्त्याने खरंच लक्षात राहतं का?

राहतं, पण तो कसा केला यावर ते अवलंबून आहे. 2011 मध्ये जेफ्री कार्पिक आणि जेनेल ब्लंट या अमेरिकी संशोधकांचा प्रयोग ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. काही विद्यार्थ्यांनी उतारा समोर ठेवून संकल्पनाचित्र काढलं. इतरांनी तो वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहून काढलं. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते. पुढे त्याच दोघांनी संकल्पनाचित्रही उतारा न पाहता, आठवून काढायला लावलं, तेव्हा ते आठवून लिहिण्याइतकंच उपयोगी ठरलं.

फळ्यावरचा तक्ता वहीत उतरवून घेण्यात, नाहीतर दुकानातून आणलेला गुळगुळीत चार्ट भिंतीवर टांगण्यात मुलांचं डोकं फारसं चालत नाही, हे शिक्षकांना अनुभवाने माहीत असतंच. धडा वाचा, पुस्तक मिटा, सुतळी हातात घ्या, मग पुस्तक उघडून चुका दुरुस्त करा. या क्रमाला खर्च काहीच नाही.

फसलीचा रकाना

मराठवाड्याच्या तक्त्यात आणखी एक रकाना लागतो, जो इतरत्र सहसा लागत नाही. निजामाच्या कागदांवर साल फसली असायचं. हैदराबादच्या फसली सालात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो, आणि वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास बदलायचं. म्हणून सप्टेंबर 1948 म्हणजे फसली 1357. शकात 78 मिळवायचे, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी 79. शके, फसली आणि इसवी असे तीन रकाने आखून दिले, तर सहावी-सातवीतली मुलंही घरातल्या जुन्या कागदावरचं साल शोधू शकतात.

हे फक्त शाळेपुरतं नाही. 2023 मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकाळातले उर्दू, मोडी कागद बाहेर निघाले. त्या वेळी व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फोटोंतली सालं वाचताना अनेकांची गल्लत होत होती.

दरवर्षी 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाचे रंगीत टाइमलाइन फोटोही असेच फिरतात. पुढे पाठवण्याआधी त्यात तीन गोष्टी पाहता येतात: एक रेघ आहे की दोन, ती कुठे सुरू होऊन कुठे संपवली आहे, आणि तिच्यावर एकही ठिपका आहे का.