दाखवायला आलेली माणसे

आजच्या विषयाची तयारी आम्ही थोडी पुस्तकांत आणि बरीचशी स्वारगेटच्या एसटी स्टँडवर केली, असे म्हटले तरी चालेल. सकाळी सातारा, फलटण, भोर, बारामतीकडच्या गाड्या येऊन लागतात. त्यातून उतरणाऱ्यांत आमच्या वयाची माणसे किती असतात ते एकदा बघा. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास फुकट आहे, पासष्टीनंतर अर्धे तिकीट. हातात कापडी पिशवी, काखेत एक्स-रेचे मोठे पाकीट, बरोबर मुलगा किंवा सून. कुठे निघालात विचारले की उत्तर ठरलेले: "डॉक्टरला दाखवायला."

या 'दाखवायला'पाशी आम्ही अडलो. मराठी माणूस डॉक्टरला काही सांगायला जात नाही, दाखवायला जातो. आणि म्हातारा झाला की तोही जात नाही, त्याला नेतात. मग आत गेल्यावर डॉक्टर मुलाला विचारतात, "आजोबांना झोप लागते का? जेवण जातं का?" मुलगा सांगतो, "नाही, ते रात्री उठून बसतात." आणि ते, म्हणजे ज्यांना झोप लागत नाही ते, शेजारच्या खुर्चीवर बसलेले असतात. 'तुम्ही' होते, त्यांचे 'ते' झाले. हे कधीपासून झाले, असा आमचा आजचा प्रश्न आहे.

आपल्याकडे पूर्वी असे नव्हते, सगळे आलबेल होते, असे आम्ही म्हणणार नाही. पण चरकसंहितेत एक जागा आहे, ती तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने जरूर पाहावी. सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. म्हणजे रोगी हा उपचाराचा विषय नाही, उपचाराचा चौथा खांब आहे. प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. रोग्याचे कोणते? स्मरणशक्ती, सांगितलेले ऐकणे, न घाबरणे आणि चौथा, ज्ञापकत्व. ज्ञापकत्व म्हणजे आपल्याला काय होते आहे ते कळवता येणे. सांगता येणे हा रोग्याचा गुण मानला आहे, पथ्य पाळण्याच्या बरोबरीने!

आता वैद्याचे चार गुण बघा. शास्त्राचे स्वच्छ ज्ञान, भरपूर अनुभव, दक्षता आणि शुचिता. रोग्याचे ऐकून घेणे यात वेगळे घातलेले नाही. पहिल्या गुणात 'श्रुत' हा शब्द येतो खरा, पण ते गुरूकडून ऐकलेले, रोग्याकडून नव्हे. सांगणाऱ्याचा गुण नोंदवला, ऐकणाऱ्याचा राहून गेला. वैद्यमंडळी आम्हाला इथे थांबवतील, कारण दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी तिहेरी परीक्षा आयुर्वेद सांगतो, आणि प्रश्न विचारला की ऐकणे आलेच. मान्य. पण प्रश्न वैद्याचा असतो. वैद्याने न विचारलेले रोग्याला सांगायचे असेल, तर ते कुठे बसवायचे? आमच्या मते ही फट तेव्हापासूनची आहे, सगळे खापर इंग्रजी वैद्यकावर फोडण्यात अर्थ नाही.

इंग्रजी वैद्यकाने ती रुंद केली, हे मात्र खरे. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरने स्टेथोस्कोप शोधला. रोग्याच्या तोंडून कळायचे ते आता छातीतून थेट ऐकू येऊ लागले. तोंडावर विश्वास ठेवायची गरज कमी झाली. मोठीच प्रगती, आमचे स्वतःचे हृदय तिच्या जिवावर चालले आहे. पुण्यात हे वैद्यक १८६७ मध्ये ससून रुग्णालय उघडल्यावर भक्कम पायावर उभे राहिले, आणि त्याची भाषा अर्थातच मराठी नव्हती.

तरीही त्याच पुण्यात, याच परिसरात, दुसरे उदाहरण सापडते. स्वारगेटहून गंज पेठेतला फुलेवाडा चालत जाण्याइतका जवळ आहे. मे १८८८ मध्ये मुंबईत जोतीरावांना 'महात्मा' म्हणून गौरवण्यात आले आणि दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वय ६१, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने म्हातारपणच. उपचार केले डॉ. विश्राम रामजी घोले यांनी. बाहुलीचा हौद तुम्हाला माहीत असेल. आपल्या गेलेल्या मुलीच्या आठवणीसाठी तो बांधणारे हेच घोले. ते सत्यशोधक समाजाच्या कामात होते, म्हणजे जोतीराव त्यांच्याकडे रुग्ण म्हणून येण्याआधी कितीतरी वर्षे ते त्यांना ओळखत होते.

याचा अर्थ काय होतो पहा. हात गेलेल्या माणसाला हात कशासाठी हवा आहे, हे त्याच्या डॉक्टरला ठाऊक होते. कुणाला नांगर धरायला हवा असतो, कुणाला पोळ्या लाटायला. जोतीरावांना लिहायला हवा होता. उजवा परत आला नाही, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले, पुस्तक १८९१ मध्ये छापून आले. आज फिजिओथेरपीच्या खोलीत "तुम्हाला या हाताने काय करायचं आहे?" असे विचारणारा कुणी भेटला, तर तो घोल्यांच्या घराण्यातला समजावा.

आणि त्यानंतर सातच वर्षांत याच शहराने उलटे टोक पाहिले. १८९७ चा प्लेग. रँडच्या प्लेग समितीचे सोजीर घरात शिरत, माणसांना उघड्यावर उभे करून काखा-जांघा तपासत, गाठ दिसली की इस्पितळात, घरच्यांना छावणीत. कुठे दुखते, ताप कधी आला, असले प्रश्न कुणाला विचारायचे कारणच नव्हते, आणि विचारायला समान भाषाही नव्हती. रोग खरा होता, विलगीकरणाची गरजही खरी होती. लोकांचा संताप औषधावर नव्हता, वागणुकीवर होता. लोकमान्यांनी पुढाकार घेऊन वेगळे प्लेग रुग्णालय काढले, त्यामागे हेच होते. जूनमध्ये गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली, तो इतिहास शाळेत शिकवतात. त्याआधी १० मार्चला ६६ वर्षांच्या सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. मुलगा यशवंत डॉक्टर, त्याच्या दवाखान्याला माणसे पोचवण्याचे काम त्या करत होत्या. आजारी माणसाजवळ कोण कसे गेले, याची दोन्ही टोके एकाच वर्षात, एकाच गावात!

तिथून आजपर्यंतचा प्रवास झटपट करू. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने सरकारी रुग्णालयांत आपल्यासाठी वेगळी रांग सांगितली आहे. रांग मिळाली, पण आत गेल्यावरच्या मिनिटांबद्दल कायदा काय बोलणार? २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी बोलणे हा रीतसर शिकवण्याचा विषय झाला आहे. ऐकणाऱ्याचा राहिलेला गुण अखेर यादीत आला. चिठ्ठी मात्र अजून लॅटिनमध्येच असते. बी.डी. म्हणजे दिवसातून दोनदा, एच.एस. म्हणजे झोपताना, एस.ओ.एस. म्हणजे गरज लागली तर. दुकानदार त्यावर '१-०-१' लिहून देतो. आमच्या ओळखीच्या एका आजी ते एकशे एक असे वाचून घाबरल्या होत्या. हसू नका, त्यांनी निदान विचारले तरी.

आम्ही विचारले नाही. हे सांगितल्याशिवाय आज इथून उठणे बरोबर नाही.

आम्हाला रक्तदाबासाठी दोन गोळ्या होत्या. त्यातली एक लघवी वाढवणारी. ज्या दिवशी व्याख्यान असे त्या दिवशी ती आम्ही टाळत असू. दोन तास खुर्चीवर बसायचे तर दुसरा इलाज नव्हता. हळूहळू व्याख्यान नसतानाही टाळू लागलो. तपासणीला लेक बरोबर होती. डॉक्टरांनी तिला विचारले, "काका गोळ्या नियमित घेतात ना?" ती म्हणाली, "हो, मीच डबा भरून ठेवते." तिने सांगितले ते खरे होते, डबा ती भरत होतीच. आम्ही शेजारी गप्प. चौतीस वर्षे वर्गात बोललेला माणूस, ज्ञापकत्वावर तास घेतलेला, आणि लेकीसमोर लघवीचा विषय काढायला लाजला! दाब चढा दिसला, म्हणून डॉक्टरांनी तिसरी गोळी वाढवली. पुढच्या आठवड्यात घरीच होतो, तिन्ही घेतल्या. तिसऱ्या रात्री उठलो तसा डोळ्यांपुढे अंधार आला आणि न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडलो. मनगट मोडले.

डॉक्टरांची चूक होती का? त्यांनी चुकीच्या माणसाला योग्य प्रश्न विचारला. लेकीची? तिने प्रेमाने उत्तर दिले. आमची मात्र होती, पण ती नुसत्या भित्रेपणाची नव्हती. तिसऱ्या पुरुषात आपल्याविषयी बोलणे चालू झाले की मध्ये तोंड घालणे म्हणजे दुसऱ्यांच्या संभाषणात नाक खुपसल्यासारखे वाटते. ते संभाषण आपलेच आहे, हे त्या खोलीत विसरायला होते.

प्लास्टर निघायच्या दिवशी आम्ही लेकीला बाहेर बाकावर बसायला सांगितले. तिला वाईट वाटले, ते दिसत होते. आत एकटेच गेलो. डॉक्टरांनी सवयीने दाराकडे पाहिले, "बरोबर कुणी नाही?" आम्ही म्हटले, "नाही, आज मीच आहे." मग गोळीचे सांगितले. ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "अहो, मग ती दुपारी घ्या ना, व्याख्यान संपल्यावर." एवढेच होते. दुपारी घ्यायची.

आता तुमचे प्रश्न घेऊ. तिथे मागच्या रांगेत आजोबांच्या वतीने हात वर केलेल्या ताई आहेत, त्यांनी कृपया माइक आजोबांकडे द्यावा.