सहाशे साचे आणि एक पुराण

मराठीत छापलं गेलेलं पहिलं मोठं पुस्तक कोणतं? आमच्या परभणीकडे हा प्रश्न कोणालाही विचारा, बहुतेक जण ज्ञानेश्वरीचं नाव घेतील. पण ज्ञानेश्वरी लिहून झाली १२९० साली आणि छापखान्यात गेली ती थेट एकोणिसाव्या शतकात. मधली साडेपाचशे वर्षं लोक ती हातानेच उतरवून घेत होते. ती छापली जाण्याच्या कितीतरी आधी, १६१६ साली, गोव्यात साष्टीमधल्या रायतूर म्हणजे राशोल इथे जवळपास अकरा हजार ओव्यांचं एक मराठी पुराण छापून बाहेर पडलं. लेखक इंग्रज, कथा येशू ख्रिस्ताची आणि लिपी चक्क रोमन!

हे पुस्तक म्हणजे फादर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण'. त्यातल्या मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे ऐकलेल्या असतात. आपल्याकडे स्टीफन्सची ओळख बहुधा तेवढीच. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. त्या काळात, त्या राजवटीत, असलं पुस्तक हस्तलिखितातून छापील पानावर आलं तरी कसं? शोधत गेलो तर त्यात आपल्या रोजच्या कामाचे सगळे प्रॉब्लेम सापडले. अप्रूव्हल, फॉन्ट, युजर... आणि शेवटी बॅकअप.

आधी माणूस बघू. स्टीफन्सचा जन्म १५४९ सालचा, इंग्लंडमधल्या विल्टशायरचा. तो कॅथलिक होता आणि तेव्हाच्या प्रोटेस्टंट इंग्लंडमध्ये कॅथलिक असणं म्हणजे तुरुंगाला आमंत्रण. त्याचा जिवलग मित्र थॉमस पाउंड याच कारणाने वर्षानुवर्षं कैदेत होता. स्टीफन्स रोमला गेला, १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाला आणि एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून जहाजात बसून ऑक्टोबरमध्ये गोव्याला उतरला. पोचल्यावर त्याने वडिलांना प्रवासाचं लांबलचक पत्र लिहिलं. ते पुढे इंग्लंडमध्ये छापलंही गेलं. पुढची चाळीस वर्षं तो गोव्यातच राहिला, मुख्यतः साष्टीत, आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. १५८३ मधल्या एका पत्रात त्याने भावाला कळवलं होतं की इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. भाषाशास्त्रातला हा मोठा शोध ज्या विल्यम जोन्सच्या नावावर जमा आहे, त्याचं ते प्रसिद्ध भाषण १७८६ चं. असो, तो वेगळाच विषय.

आता तो काळ. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होतं. देवळं पाडली गेली होती, जुने सण आणि विधी यांवर बंदी होती, पोथ्या जप्त होत होत्या. त्यातल्या काही पोथ्यांचं पुढे विचित्र झालं. केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ मध्ये 'श्रीकृष्णचरित्रकथा' रचली. गोव्यातल्या अशा जुन्या कथा पाद्र्यांनी स्वतःच्या अभ्यासासाठी रोमन लिपीत उतरवून घेतल्या आणि ती बाडं आज पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आहेत. म्हणजे गावातून पोथी गेली, पण तिची नक्कल साता समुद्रापलीकडे शिल्लक राहिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

साष्टीत वातावरण किती तापलेलं होतं बघा. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारलं. ते मृतदेह ताब्यात घ्यायला जे गेले त्यांच्यात स्टीफन्स होता. मेलेल्यांपैकी रोदोल्फो अक्वाविवा हा जेझुइट संघाचे सर्वोच्च प्रमुख क्लाउडियो अक्वाविवा यांचा पुतण्या. हे क्लाउडियो आपल्याला पुन्हा भेटतील.

तर अशा ठिकाणी पुराण कशाला? कारण खुद्द पुस्तकाच्या सुरुवातीलाच येतं. नवा ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो, की तुम्ही आमची जुनी पुराणं तर बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं काही द्याल की नाही? मला हा प्रश्न फार खरा वाटतो. आमच्याकडे गंगाखेडला चातुर्मासात पोथी लागते. एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाया वाती वळत ऐकतात. ज्या गावात हे शेकडो वर्षं चालत आलंय तिथे उद्या कोणी ते हुकूम काढून बंद केलं, तर माणसांच्या संध्याकाळी रिकाम्या होतील. धर्म बदलला म्हणून कान बदलत नाहीत. स्टीफन्सला हे कळलं होतं. त्याने प्रश्नोत्तरांचं पुस्तकही लिहिलं (ते त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये छापलं गेलं), पण मोठ्या कामासाठी त्याने ओवी निवडली. जनाबाईच्या गावच्या माणसाला ओवीबद्दल काय सांगायचं! जात्यावरही तीच आणि पोथीतही तीच. स्टीफन्सने पैलें पुराण आणि दुसरें पुराण असे दोन भाग केले. पहिल्यात बायबलच्या जुन्या करारातल्या कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचं चरित्र. भाषा मराठी, पण साष्टीतल्या माणसाला समजावी म्हणून कोकणी शब्द पेरलेले.

एक मात्र स्पष्ट म्हणायला हवं. पुराण बंद करणारे आणि नवं पुराण देणारे एकाच गलबतातून आले होते. स्टीफन्स मनाने कितीही मोठा असला तरी त्याचं पुस्तक त्या रिकाम्या केलेल्या जागेवरच उभं आहे. आणि स्वतःच्या देशात धर्मापायी छळ होतो म्हणून बाहेर पडलेला माणूस दुसऱ्यांवर तेच लादणाऱ्या व्यवस्थेचा भाग झाला होता, हेही तितकंच खरं. त्यामुळे 'मराठीवर प्रेम करणारा गोड इंग्रज' एवढ्यावर गोष्ट संपवणं मला पटत नाही.

आता छपाई. गोव्यात छापखाना आला १५५६ मध्ये. तो खरं तर इथिओपियाला जायचा होता, पण गोव्यातच राहिला! म्हणजे यंत्र होतं, कागद होता, माणसं होती. अडचणी दोन होत्या, परवानगी आणि अक्षरं.

परवानगीची भानगड कोणाही आयटीवाल्याला लगेच कळेल. आमच्याकडे एखादी गोष्ट प्रॉडक्शनवर टाकायची तर टीम लीड, सिक्युरिटी आणि क्लायंट अशा तीन सह्या लागतात. स्टीफन्सला आधी स्वतःच्या संघातल्या वरिष्ठांची, मग इन्क्विझिशनची आणि मग आर्चबिशपची संमती लागत होती. हस्तलिखित नकलांमधून या पुस्तकाचं जे पोर्तुगीज शीर्षक उतरलंय, त्यात 'पवित्र इन्क्विझिशन व धर्मप्रांताच्या परवानगीने' हे लिहिलेलं आहे. गंमत म्हणजे त्या शीर्षकात 'पुराण' हा शब्दच नाही. तिथे आहे 'आपला तारक येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचं विवेचन'. परवानगी देणाऱ्यांसाठी विवेचन आणि ऐकणाऱ्यांसाठी पुराण!

दुसरी अडचण जास्त अवघड होती. ५ डिसेंबर १६०८ रोजी स्टीफन्सने रोमला क्लाउडियो अक्वाविवांना पत्र लिहिलं. त्याचं म्हणणं साधारण असं होतं, की इथल्या भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तकं छापावीत अशी माझी फार वर्षांची इच्छा आहे, मलबारात तसं झालंय आणि त्याचा फायदाही दिसलाय. पण इथे अडतं, कारण एक तर युरोपात चोवीस साचे लागतात तिथे इथे सहाशे लागतील, आणि दुसरं म्हणजे वरिष्ठांच्या आज्ञेशिवाय हे काम उभं राहणार नाही. मलबारचं उदाहरण खरंच होतं. १५७८ मध्ये कोल्लमला तमिळ अक्षरांत सोळा पानांचं पुस्तक छापलं गेलं होतं.

सहाशे का, ते सांगतो. छपाईच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक अक्षराचा धातूचा खिळा लागतो. रोमनमध्ये अक्षरं शेजारीशेजारी बसतात, मामला संपला. आपल्याकडे मात्र क, का, कि, की, कु... मग क्र, क्ष, क्त, क्य... प्रत्येकाचा आकार वेगळा. वर मात्रा, खाली उकार. आज युनिकोडमध्ये देवनागरीचा मूळ ब्लॉक फक्त १२८ जागांचा आहे, कारण तिथे आपण अक्षरं साठवतो आणि जोडाक्षर कसं दिसावं ते फॉन्ट ठरवतो. शिशाच्या खिळ्याला असली अक्कल नसते. त्याला प्रत्येक आकार आधीच ओतून द्यावा लागतो. स्टीफन्सचा अंदाज किती बरोबर होता बघा. जवळपास दोनशे वर्षांनी बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरीच्या छापखान्यासाठी पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांनी नागरी खिळे घडवले, तेव्हा त्यांना जवळपास सातशे पंच करावे लागले. त्याच छापखान्यात १८०५ मध्ये केरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं. म्हणजे एस्टिमेट चुकलं नव्हतं, बजेट मिळालं नव्हतं :)

मग त्याने आपण सगळे मोबाइलवर करतो तेच केलं. मराठी रोमनमध्ये लिहिली. पण आपल्यासारखी अंदाजपंचे नाही. 'ण', 'ळ', 'ट' यांसाठी रोमन अक्षर दोनदा लिहायचं असा त्याचा नियम होता. या लेखकाने कोकणीचं व्याकरणही रचलं होतं (तेही त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये छापलं गेलं), तेव्हा त्याला स्पेलिंगची शिस्त असणारच. ही तडजोड होती, पण तिच्यामुळे काम अडून राहिलं नाही. १६१६ मध्ये पहिली आवृत्ती निघाली. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन. रविवारी, सणासुदीला चर्चमध्ये ते वाचलं जायचं. पोथीसारखंच.

आणि आता खरी गोष्ट. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. एकही नाही! २७ जून १६८४ रोजी गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. गोव्यातली छपाईही त्या सुमारास थंडावली ती १८२१ पर्यंत. ज्या भाषेत पुस्तक छापायला चर्चने परवानगी दिली होती, तीच भाषा सत्तर वर्षांत नकोशी झाली.

मग पुस्तक वाचलं कसं? हाताने. गोव्यातून निघालेली अनेक ख्रिस्ती कुटुंबं मंगळूरच्या बाजूला स्थायिक झाली होती. तिथल्या घरांमधून क्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित नकला सांभाळल्या गेल्या. छापील पुस्तकावरून परत हस्तलिखित, उलटा प्रवास! अशाच नकला ताडून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला रोमन लिपीत पुस्तक पुन्हा छापलं. पुढे १९२० च्या दशकात जस्टिन ॲबट यांनी लंडनमधल्या विल्यम मार्सडेनच्या संग्रहातल्या एका हस्तलिखिताकडे लक्ष वेधलं. ते देवनागरीत होतं आणि त्यात पोर्तुगीज धर्मशब्दांच्या जागी बऱ्याच ठिकाणी संस्कृत वळणाचे शब्द होते. देवनागरीत छापील आवृत्ती निघाली १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांची. मार्सडेन प्रतीवर आधारित फादर नेल्सन फलकाव यांची आवृत्ती २००९ ची. १६१६ ते १९५६, म्हणजे आपल्या लिपीत छापून यायला या पुस्तकाला ३४० वर्षं लागली.

हातच्या नकलेत चुका होतात, हे मान्य. आमच्या मराठवाड्यातच त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे. स्टीफन्स गोव्यात येऊन पाच वर्षं झाली होती तेव्हा, १५८४ मध्ये, पैठणला एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीचे पाठ ताडून शुद्ध प्रत तयार केली. तीनशे वर्षांत नकलाकारांनी पाठात इतकी भर घातली होती. पण शुद्ध करायला आधी काहीतरी शिल्लक असावं लागतं. ज्ञानेश्वरी शिल्लक होती, कारण ती हवी असणारी माणसं गावोगाव होती. क्रिस्तपुराणाचंही तेच झालं, आणि कृष्णदास शामाचं तर ज्यांना त्याची श्रद्धा मान्य नव्हती त्यांच्याच बाडात.

त्यामुळे पुस्तक 'प्रकाशित' कधी होतं, याचं माझं उत्तर थोडं बदललंय. सही आणि शिक्क्याने पुस्तक बाजारात येतं. पण परवानगी देणारा उद्या परवानगी काढून घेऊ शकतो, आणि छापखाना बंद पडू शकतो. एखाद्या घरात कोणीतरी बोरू घेऊन अकरा हजार ओव्या उतरवायला बसतं, तेव्हा मात्र ते पुस्तक त्याच्या लेखकाचं आणि परवानगीवाल्यांचं राहत नाही, वाचणाऱ्यांचं होतं. त्या नकला करणाऱ्यांची नावं कुठल्याही शीर्षकपानावर नाहीत. स्टीफन्सचं नाव मात्र आज आपल्याला माहीत आहे, ते त्यांच्यामुळेच.

बंडेलूंची आवृत्ती एखाद्या जुन्या ग्रंथालयात दिसली तर नक्की चाळा. पाचपन्नास ओव्या मोठ्याने वाचा. पहिल्या दहा जरा अडखळतील, नंतर आपोआप चाल लागते.