जाम झालेला ब्रेक ड्रम काढताना
१९८३ ते २०१४ या काळात तयार झालेल्या मारुती ८०० सह अनेक छोट्या मोटारींच्या मागील चाकांना ड्रम ब्रेक आढळतात. ड्रम जागचा हलतच नसेल, तर हबवर गंज चढल्याचे समजावे. किंचित बाहेर येऊन अडत असेल, तर झिजेमुळे तयार झालेल्या आतील कडेत ब्रेक शू अडकलेले असतात.

हँडब्रेक सोडण्यापूर्वी पुढील चाकांना ठोकळे लावावेत व गाडी स्टँडवर टेकवावी. गंजासाठी हबभोवती तेल सोडून ड्रमवरील आटे असलेल्या दोन छिद्रांत बोल्ट आळीपाळीने आवळावेत. कडेसाठी अ‍ॅडजस्टर सैल करावा. काठावर हातोडा मारू नये. बीडाचा ड्रम तडकतो. आतील धूळ हवेने उडवू नये. जुन्या लायनरमधील अ‍ॅस्बेस्टॉस फुप्फुसांना घातक असते.