जहाजावरची पंगत



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासावर बोलायला सांगितले, तेव्हा मी थोडा बिचकलोच. माझे शालेय शिक्षण बेताचेच. पंधराव्या वर्षी हॉटेलात टेबले पुसायला लागलो, पुढे कामगार संघटनेत आलो. आणि जे काही वाचले ते रात्री संघटनेच्या कचेरीत, सगळे घरी गेल्यावर वाचले. राजेरजवाड्यांचा इतिहास सांगण्याचा माझा अधिकार नव्हे. परंतु जेवतो कोण, वाढतो कोण आणि खरकटे कोण काढतो, ही गोष्ट मी तीस-पस्तीस वर्षे जवळून पाहत आलो आहे. तेव्हा त्याच खिडकीतून इतिहासाकडे पाहावे असे मी ठरविले, आणि विषय घेतला तो प्रवासी जहाजांवरील जेवणाचा.

आपल्या भाषेत एक फार नेमका शब्द आहे : पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला तुपाची धार आणि दुसऱ्याला नुसता वरणाचा शिंतोडा, याला आपण पंक्तिप्रपंच म्हणतो. हल्ली सहलीच्या मोठ्या जहाजांवर जुनी मेजवानी मागे पडली आहे. कोट-टायची सक्ती नाही, ठरलेली वेळ नाही, ठरलेली जागा नाही. हातात ताट घ्यावे आणि मांडलेल्या पदार्थांतून हवे ते वाढून घ्यावे. यालाच बुफे म्हणतात आणि आपल्या लग्नांतही तो आता रुळला आहे. लोक म्हणतात, पंक्तिप्रपंच संपला, लोकशाही आली. ती खरोखर आली काय, एवढाच आजचा प्रश्न.

प्रारंभ १८४० पासून करू. त्या साली कुनार्ड कंपनीची 'ब्रिटानिया' ही वाफेची बोट लिव्हरपूलहून अमेरिकेला जाऊ लागली. प्रवाशांना ताजे दूध मिळावे म्हणून तिच्यावर एक गाय ठेवलेली होती. १८४२ च्या जानेवारीत चार्ल्स डिकन्स याच बोटीने अमेरिकेला गेला. जाहिरातीतील चित्रात भव्य दिसलेला भोजनाचा दिवाणखाना प्रत्यक्षात इतका लांबट आणि कोंदट निघाला, की त्याला शववाहिकेची उपमा सुचली. लांब मेजे, बाके, आणि समुद्र खवळला की थाळ्या घसरू नयेत म्हणून मेजाला लावायच्या लाकडी पट्ट्या, असा सारा थाट. पदार्थ एकदमच मेजावर येत आणि जो तो आपल्याला घेई. म्हणजे ज्या पद्धतीला आज आपण नवी म्हणतो, तिचे बीज जुन्यातच होते.

हे झाले वरच्या वर्गाचे. तळाशी जे देशांतराला निघालेले गरीब लोक कोंबलेले असत, त्यांनी शिडाच्या जहाजांच्या काळात आपला शिधा आपणच आणावा आणि आपणच शिजवून खावा असा रिवाज होता. पुढे उपासमार आणि रोगराई वाढली तेव्हा इंग्लंडच्या कायद्याने जहाजमालकांवर अन्न पुरविण्याची सक्ती हळूहळू आणली. आपल्या कोकणच्या आगबोटींतून डेकवर बसून, फडक्यात बांधलेली शिदोरी सोडणाऱ्या चाकरमान्यांच्या गोष्टी आपण घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील. समुद्र निराळा, परंतु माणूस तोच.

पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपच्या श्रीमंत घरांत जेवणाची रीत पालटली. सर्व पदार्थ एकदम मांडण्याची फ्रेंच रीत जाऊन, एकामागून एक पदार्थ नोकराने आणून वाढण्याची रशियन रीत आली. या फरकाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. पहिल्या रीतीत श्रीमंती मेजावर दिसे, तर दुसरीत ती पाठीमागे उभ्या असलेल्या नोकरांच्या संख्येवरून दिसू लागली. मोठ्या जहाजांनी हीच रीत उचलली. १९०५ साली 'अमेरिका' नावाच्या जर्मन जहाजावर रिट्झच्या नावाचे, निराळे पैसे घेऊन जेवण देणारे उपाहारगृह निघाले. जहाज म्हणजे तरंगते हॉटेल, ही कल्पना तेव्हापासून पक्की झाली.

१९१२ साली बुडालेले 'टायटॅनिक' सर्वांना ठाऊक आहे. तिच्यावर तीन वर्ग आणि तिघांच्या भोजनशाळा निराळ्या. वरच्या वर्गाचे मुख्य जेवण रात्री, ठेवणीतल्या पोशाखात. तिसऱ्या वर्गाचे मुख्य जेवण भर दुपारी, कष्टकऱ्याच्या घरी असते तसे. गंमत अशी, की १४ एप्रिलच्या पहिल्या वर्गाच्या दुपारच्या जेवणाचे जे पत्रक शिल्लक राहिले आहे, त्यावर 'बुफे' असा मथळा असून त्याखाली थंड मासे आणि मांसाचे प्रकार दिले आहेत. म्हणजे बुफे हा तेव्हा वरच्या वर्गाचाच विलास होता. गरिबाच्या वाट्याला तो आला नव्हता.

त्याच जहाजावर लुइजी गाती या इटालियन गृहस्थाने चालविलेले एक खास उपाहारगृह होते. तेथील स्वयंपाकी आणि वाढपी जहाज कंपनीचे नोकर नव्हते, गातीचे होते. साठांहून अधिक माणसे होती ती. जहाज बुडाले आणि त्यांतली फक्त तीन वाचली. त्यांपैकी दोघी तिकडच्या हिशेबनीस स्त्रिया. त्या रात्री कोण काय जेवले याची पुस्तके निघाली आहेत. वाढणाऱ्यांचा हिशेब मात्र एका आकड्यात संपतो.

या थाटाचा कळस म्हणजे १९३५ चे फ्रेंच जहाज 'नॉर्मंडी'. तिची पहिल्या वर्गाची भोजनशाळा ३०५ फूट लांब, आणि एका वेळी ७०० माणसे जेवतील एवढी. तिला खिडकी म्हणून नव्हती. सारा उजेड काचेच्या स्तंभांतून आणि झुंबरांतून येई. बाहेर समुद्र आहे याचाच विसर पडावा, अशी ती योजना होती.

आता हे वाढपी कोण होते, हे पाहू लागले की आपले पाय एकदम आपल्याच किनाऱ्याला लागतात. हिंदुस्थान आणि ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर कामाची वाटणी जाति-धर्मावर झालेली होती. डेकवर कोकणातले मुसलमान आणि कच्छ-गुजरातकडचे खलाशी. खाली भट्टीपाशी पंजाबी, पठाण आणि सिल्हेटचे लोक. आणि भोजनशाळेत व मुदपाकखान्यात गोव्याचे ख्रिस्ती. कारण उघड होते. गोमांस, डुकराचे मांस आणि दारू यांना हात लावायला त्यांना धर्माची आडकाठी नव्हती. इंग्रज खलाशाहून पुष्कळ कमी पगारावर, लष्करी खलाशांच्या निराळ्या करारनाम्याखाली हे लोक राबत. ('लष्करी' म्हणजे सैनिक नव्हे, आशियाई खलाशाला तेव्हा लष्कर म्हणत.)

गोव्यात त्यांना 'तारवटी' म्हणतात. बोट लागेपर्यंत मुंबईत राहायचे कोठे, तर धोबीतलावच्या आसपास गावोगावच्या मंडळींनी वर्गणीने चालविलेल्या कुडांत. एक खोली, भिंतीशी देव्हारा, ओळीने लावलेल्या पेट्या, आणि पेटीमागे एक माणूस. पांढरा कडक कोट घालून लॉर्डसाहेबांना सात पदार्थ क्रमाने वाढणारा बटलर येथे जमिनीवर चटई टाकून निजत असे. त्या झगमगीत मेजवानीची दुसरी बाजू ही होती, आणि ती आपल्या मुंबईत होती.

१९५८ च्या ऑक्टोबरात जेट विमाने अटलांटिक ओलांडू लागली आणि या बोटींचा धंदा बसला. माणसाला पलीकडे पोहोचायचेच असेल तर तो पाच दिवस बोटीत कशाला काढील? तेव्हा जहाजमालकांनी प्रवास विकणे सोडून सहल विकावयास काढली. १९६२ चे फ्रेंच जहाज 'फ्रान्स' हे 'नॉर्वे' असे नवे नाव घेऊन १९८० पासून कॅरिबियन समुद्रात सहली करू लागले, हे त्या बदलाचे ठळक उदाहरण. वर्ग नावापुरते गेले, परंतु जेवणाची जुनी शिस्त काही काळ राहिली : दोन ठरलेल्या पंगती, ठरलेले मेज, आणि आठवड्यातून एक-दोन रात्री सुटाबुटाचे बंधन.

या पद्धतीत चाकरी होती, वाकणे होते, हे मी नाकारीत नाही. पण एक गोष्ट होती. तोच वाढपी रोज त्याच मेजावर येई. प्रवाशाला त्याचे नाव कळे, गाव कळे, मुले किती ते कळे. शेवटच्या रात्री पाकिटात घालून बक्षिसी हातात दिली जाई. बक्षिसीवर पोट भरावे लागणे ही लाजिरवाणी गोष्ट, पण निदान देणाऱ्याला घेणाऱ्याचे तोंड दिसत असे.

बुफे आला तो मागच्या दाराने. प्रथम मध्यरात्रीचा, बर्फाचे हंस कोरून सजविलेला. मग तरणतलावापाशी सकाळ-दुपारचा. आणि १९९० नंतर हळूहळू रात्रीचाही. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ठरलेली वेळ, ठरलेले मेज आणि पोशाखाची सक्ती ही तिन्ही काढून टाकली, आणि इतर कंपन्यांनी आपापल्या परीने तिचा कित्ता गिरविला. प्रवाशांना ते हवे होते, यात शंका नाही. सुटीवर आलेल्या माणसाला गळपट्टा कशाला हवा? परंतु मालकाचाही हिशेब होता. वाढून घेणाऱ्या शंभर माणसांना बसल्या जागी जेवणाऱ्या शंभरांहून थोडे वाढपी पुरतात. आणि ज्यांना तरीही मेजवानी हवी असेल, त्यांच्यासाठी निराळे पैसे घेणारी उपाहारगृहे काढता येतात. मेज ठरलेले नाही, तेव्हा बक्षिसी कोणाला द्यायची? ती दररोजचा सेवा-आकार म्हणून बिलातच चढविली जाऊ लागली.

आमच्या कचेरीत कुडाळकडचा एक तरुण आला होता. नोकरीसाठी एका दलालाला त्याने बरीच रक्कम मोजली होती, तिची दाद मागायला तो आला. बोलता बोलता मी बुफेचा विषय काढला. तो हसला. म्हणाला, "काका, पाहुणे स्वतः वाढून घेतात म्हणून आम्हांला बसायला मिळतं, असं वाटतं का तुम्हांला? भांडं रिकामं झालं की भरायचं, टेबल सुटलं की पुसायचं, उष्टी ताटं उचलायची. पहिले पाहुणे निदान नावानं हाक मारायचे, असं जुने लोक सांगतात. आता आमच्याकडे बघतही नाहीत." हॉटेलात फडके मारलेल्या माणसाला याहून अधिक सांगावे लागत नाही. काम कमी झाले नव्हते. ते फक्त दिसेनासे झाले होते.

ते एकदा साऱ्या जगाला दिसले. २०२० च्या फेब्रुवारीत 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज कोरोनाच्या साथीमुळे जपानमध्ये योकोहामा बंदरात अडकले. जहाजावर ३,७११ माणसे होती. त्यांत १३८ भारतीय, आणि त्यांतले १३२ कामगार. बुफे बंद झाला. प्रवाशांना खोल्यांत बसविले आणि जेवण दारापाशी पोहोचविणे सुरू झाले. पोहोचविणारे मात्र खोल्यांत बसू शकत नव्हते. पहिल्या काही दिवसांत ज्या २० कामगारांना लागण झाल्याचे निश्चित झाले, त्यांपैकी १५ जण खानपानाच्या कामावरचे होते. बुफेच्या ताटामागेही एक हात असतो, हे सांगायला एवढी मोठी साथ यावी लागली!

आणि पंक्तिप्रपंच? तोही गेलेला नाही. २००४ साली निघालेल्या 'क्वीन मेरी २' वर प्रवाशाने कोणत्या भोजनशाळेत जेवायचे, हे त्याने घेतलेल्या खोलीच्या भाड्यावरून ठरते. इतर अनेक जहाजांवरही महागड्या खोलीवाल्यांचे उपाहारगृह निराळे आहे. पूर्वी भेद पोशाखावर दिसे, आता तो तिकिटावर छापलेला असतो. बाकीच्यांसाठी बुफे आहेच.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. सुटाबुटाची मेजवानी गेली याचे मला सुतक नाही. परंतु जेवणाऱ्याने टाय काढली म्हणजे वाढणारा मोकळा झाला, असे मात्र नव्हे. त्याला मोकळे करणारी गोष्ट निराळी आहे. २००६ च्या सागरी कामगार कराराने जहाजावरचा वाढपीदेखील नाविकच मानला. त्याला चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे, आणि नोकरी देण्यासाठी त्याच्याकडून दलाली घेता कामा नये, असे त्यात लिहिले आहे. हा करार २०१३ साली अमलात आला. भारताने त्याला २०१५ साली मान्यता दिली. कुडाळच्या त्या पोराला यातले एक अक्षर ठाऊक नव्हते. आम्ही त्याला कागद वाचून दाखविला, तेव्हा तो पुन्हा पुन्हा एकच विचारीत होता, "म्हणजे काका, मी नाविक आहे?"

होय, तू नाविक आहेस. एवढे त्याला कळावे, आणि त्याच्या ताटातून जेवणाऱ्यांनाही कळावे, यासाठी हा सारा इतिहास मी आपल्यापुढे मांडला.