तगाई, बोनस आणि कसणारा

भंडाऱ्याहून नागपूरच्या वाटेस लागलें म्हणजे थोड्याच अंतरावर शहापूर येतें. पावसाळ्यांत ह्या बाजूस बांध्यांतून धानाची रोवणी चाललेली दिसते. चिखलांत वाकलेल्या त्या माणसांत जमिनीचा मालक कोणता व बटईदार कोणता, हें वाटसरूस ओळखतां यावयाचें नाहीं. सरकारास मात्र ही ओळख पटल्यावांचून एक पैसाहि देतां येत नाहीं. आणि शेतकऱ्यास मिळणाऱ्या सरकारी मदतीचा इतिहास पुष्कळ अंशीं ह्या ओळखीचाच इतिहास आहे.

१६७६ सालीं शिवाजी महाराजांनीं प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत ह्यास पाठविलेलें पत्र इतिहासप्रेमी वाचकांस ठाऊक असेलच. गांवोगांव फिरावें, ज्याच्यापाशीं माणूसबळ आहे पण बैल व दाणा नाहीं त्यास तो द्यावा, आणि व्याज न घेतां केवळ मुद्दल त्याच्या ऐपतीप्रमाणें हळूहळू उगवावें, असा त्याचा आशय आहे. तेथें कसोटी होती ती कसणाऱ्या हातांची.

इंग्रजी अमलांत हीच तगाई कायद्यांत बसविली गेली. १८८० च्या दुष्काळ कमिशननंतर जमिनीच्या सुधारणेसाठीं १८८३ चा व बैल-बियाण्यांसाठीं १८८४ चा, असे दोन कायदे झाले. विहिरी-तळ्यांच्या कर्जास बहुधा जमिनीचेंच तारण लागे. आणि मध्यप्रांतांत तर सरकारनें मालगुजारांस गांवचे मालक ठरविलेलें! कुळाची पत ती कितीशी असणार? पुढें १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनीं प्रांताची दैना केली. लोकांचा धीर सुटण्यापूर्वींच तगाई द्यावी, असें १९०१ च्या कमिशननें बजावलें. सल्ला शहाणपणाचा खरा, पण धीर सुटतो तो आधीं ज्याच्यापाशीं तारण नाहीं त्याचा.

मालगुजारांवर सरसकट दोष ठेवणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. कोहळी लोकांनीं गोंड राजांच्या काळापासून बांधलेले तलाव व बोड्या हेंच ह्या जिल्ह्याचें खरें भांडवल. त्यांची निगा पुष्कळ मालगुजारांनीं राखली. १९५१ सालीं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि अनेक ठिकाणीं गाळानें भरत गेले. असो.

आजची मदत कर्ज नव्हे, ती थेट खात्यांत येते. २०१९ पासून केंद्राचे वर्षास ६००० रुपये मिळूं लागले. २०२३ मध्यें राज्यानें तेवढीच भर घातली. धानाचा बोनस २०२०-२१ सालीं क्विंटलमागें ७०० रुपये होता. २०२२-२३ पासून तो क्षेत्रफळावर आला: प्रथम हेक्टरीं १५,०००, पुढील वर्षीं २०,०००, मर्यादा दोन हेक्टरांची. हा पालट मला योग्य वाटतो. तुडतुड्यानें ज्याचें पीक बुडालें त्यास वजनाच्या हिशेबांत कांहींच मिळालें नसतें.

पण वजन असो कीं क्षेत्रफळ, नांव सातबाऱ्यावरचेंच चालतें. बटईदाराचा घाम हिशेबांत येत नाहीं, आणि त्यास लेखी कागद द्यावयास मालक धजत नाहीं. कारण कसणाऱ्याच्या रक्षणासाठींच विदर्भांत १९५८ चा कूळकायदा झाला, आणि लेखी करार केल्यास जमीन जाईल ही धास्ती त्यानेंच मालकाच्या मनांत घातली. तेव्हां करार तोंडीच राहतो. बोनस जमा होतो तो मालकाच्या खात्यांत. त्यांतून बटईदारास कांहीं मिळालें तर तें मालकाच्या मर्जीनें.